एकदाच उघडणारं दार

आमच्या इमारतीत त्यांना सगळे दारवाले म्हणायचे, आणि नवीन राहायला आलेली माणसं हमखास फसायची. वरच्या मजल्यावरच्या एका काकूंनी तर आल्याआल्याच त्यांना फर्मावलं, "जरा आमच्या सामानावर लक्ष ठेवा हं, मी आलेच." दारवाले बिचारे जिन्यात कपाट, गाद्या आणि पोपटाचा पिंजरा सांभाळत उभे राहिले. त्यांनी काही खुलासा केला नाही. मी वरच्या पायरीवरून सगळं बघत होतो, पण मीही केला नाही. घरबसल्या करमणूक चालली असताना मधे कोण बोलेल?

ते पहारेकरी नव्हते. आकाशात सोडायची एक प्रचंड दुर्बीण आमच्या संस्थेत बांधली जात होती, आणि तिच्या तोंडावरचं दार ही त्यांची जबाबदारी होती. दार म्हणजे तसं झाकणच, पण चांगलं खोलीएवढं रुंद. जमिनीवर असेपर्यंत त्याने आतल्या आरशाला धुळीपासून जपायचं, आणि दुर्बीण वर पोचली की एकदाच उघडायचं. पुन्हा मिटायची त्याला सोयच नव्हती, कारण पुन्हा मिटायची गरजच नव्हती. पण जर का ते उघडलं नाही, तर एवढी दुर्बीण म्हणजे डोळे घट्ट मिटून पृथ्वीभोवती फिरणारा डबा. शिडी लावून वर जाऊन ठोकता येत नाही.

दारवाल्यांचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या होणाऱ्या वहिनींना हे सगळं समजावून सांगण्यात आलं. त्या गणिताच्या शिक्षिका. सगळं नीट ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "दार एकदाच उघडायचंय ना? मग रोज काय करता?"

रोज काय करतात हे मला विचारायला हवं होतं, कारण त्या दालनाचं कपडेघर माझ्याकडे होतं. दुर्बिणीच्या दालनात धुळीचा कणही चालत नसे आणि माणूस म्हणजे चालताबोलता धुळीचा डोंगर. तेव्हा आत जाणाऱ्या प्रत्येकाला मी पांढऱ्या पोशाखात बांधून द्यायचो: आधी पायमोजे, मग डोक्याला टोपडं, तोंडाला फडकं, गळ्यापासून घोट्यापर्यंत डगला, वर गुडघ्याएवढे कापडी बूट, दोन-दोन हातमोजे आणि त्यांच्या मनगटाला चिकटपट्टी. बाहेर काय ते दोन डोळे राहायचे. एकदा आत गेलं की नाक खाजलं तरी खाजवायचं नाही, शिंक आली तर गिळायची, आणि दालनाला खिडकी नसल्यामुळे बाहेर ऊन आहे की पाऊस हे संध्याकाळीच कळायचं. मोठमोठ्या पदव्यांची माणसं माझ्यासमोर हात वर करून तान्ह्या बाळासारखी उभी राहायची. आणि बाळाला कपडे घालताना ते जसं बडबडतं, तशी तीही बडबडायची. मी चहाड्या करत नाही, फक्त ऐकलेलं वाया जाऊ देत नाही.

तर दारवाले रोज काय करायचे? बिजागऱ्या तपासायचे. थंडीत आखडतात का, उष्णतेत सुजतात का, हादऱ्याने सैल होतात का. झाकण हजारदा उघडून मिटून बघायचे, म्हणजे ते वर एकदा उघडेल. आणि संस्थेचा नियम असा, की जो भाग ज्याच्या हातचा, तो भाग वर जाऊन चालेपर्यंत त्या माणसाने जागा सोडायची नाही. नियमात वाईट काही नव्हतं. पण दुर्बिणीची तारीख होती चंचल. कधी आरसा हट्ट करायचा, कधी अग्निबाण, कधी संस्थेचे वरचे लोक. तारीख पुढे जायची, तिच्याबरोबर दारवाल्यांचं आयुष्य पुढे जायचं.

त्यांच्या तोंडात एकच वाक्य बसलं होतं. वहिनी म्हणायच्या, "अहो, न्हाणीघराचा नळ गळतोय." की हे म्हणायचे, "उडाली की बघू." दाढ दुखत होती, ती उडाली की काढणार होते. समुद्र बघायला जायचं ते उडाली की. माझ्याकडून नेलेली शिडीसुद्धा उडाली की मिळणार होती. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, माझी सवत पत्र्याची आहे. निदान हाडामांसाची असती तर भांडता तरी आलं असतं."

मला हसू आलं. त्यांना आलं नव्हतं, हे जरा उशिरा लक्षात आलं.

वहिनींचं एक स्वप्न होतं. दूर डोंगराकडच्या गावातल्या एका शाळेला मुख्याध्यापिका हवी होती आणि ती शाळा त्यांच्यामागे लागली होती. पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा आरशाचं काम अडलं होतं, म्हणून वहिनींनी नाही म्हणून कळवलं. पुन्हा आलं तेव्हा बिजागरीने चाचणीत कुरकुर केली होती, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा आलं तेव्हा वहिनींनी नवऱ्याला न विचारता हो म्हणून टाकलं आणि जेवताना सांगितलं, "मी जाणार. तुम्ही आलात तर आनंद आहे."

नशीब बघा, त्याच सुमाराला तारीख पक्की झाली. आमचे थोरले साहेब, म्हणजे सगळ्या दुर्बिणीचे मुख्य अभियंता, दिलदार माणूस. त्यांनी नियम थोडा वाकवला. "दार एकदा शेवटचं मिटलं की तुमचं इथलं काम संपलं," ते म्हणाले. "वहिनींबरोबर जा. उघडायच्या दिवशी तेवढे या." दारवाले त्या दिवशी कपडेघरात शीळ घालत आले. तोंडाला फडकं बांधल्यावरही शीळ थांबेना, तेव्हा मीच दटावलं.

मग घरात बांधाबांध सुरू झाली. वहिनींचा उत्साह असा दांडगा, की हाताला लागेल ते खोक्यात. गळणारा नळ भिंतीत पक्का होता म्हणून वाचला. आणि नव्या गावी नवरा घुबडासारखा दिसू नये म्हणून त्यांनी त्याला नवा चष्मा करून आणला. पातळ सोनेरी काड्यांचा. दारवाले त्यात एकदम साहेब दिसायला लागले. मी म्हटलं, "आता तुम्हाला सामान सांभाळायला कोणी सांगणार नाही."

आता इथे दालनातली एक रीत सांगायला हवी. आत जाणाऱ्या चष्म्याच्या प्रत्येक स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका लावायचा, म्हणजे तो गळून पडणार नाही. लाख वाळायला रात्र जाते. ही रीत दुसऱ्या कोणी नाही, दारवाल्यांनीच पाडली होती. ठिपका नसलेला चष्मा दिसला की ते भल्याभल्यांना दारातून परत पाठवायचे. एकदा थोरल्या साहेबांनासुद्धा पाठवलं होतं.

दार मिटायच्या दिवशी सकाळी दारवाल्यांचा जुना चष्मा, लाल ठिपक्यांचा, सापडेना. तो कुठल्या तरी खोक्यात गेला होता. दालनात सगळे त्यांच्यासाठी थांबलेले. ते नवा चष्मा लावूनच आले, मागे दोरी बांधली आणि माझ्यापुढे हात वर करून उभे राहिले. ठिपका नव्हता. मला वाटतं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःशी म्हटलं असेल, आजचाच तर दिवस. मग आत जाऊन ते उघड्या दुर्बिणीच्या कडेवरून वाकले, आतला आरसा शेवटचा डोळे भरून पाहिला, आणि दार मिटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. खुर्च्या बांधून झाल्या होत्या, म्हणून मी एका खोक्यावर बसलो. त्यावर लिहिलं होतं, 'काचेचं, जपून'.

"भावजी, वाचता येतं ना?" वहिनी म्हणाल्या. "ते तुमच्या वजनाच्या माणसांसाठीच लिहिलंय."

दारवाले हसले, आणि हसता हसता त्यांचा चष्मा एका बाजूला घसरला.

"अहो, तुमचा एक कान खाली आलाय का?"

त्यांनी चष्म्याला हात लावला. उजवी काडी सुटून बोटांत आली. काडी जिथे चौकटीला जोडलेली असते तिथलं भोक रिकामं होतं. तिळापेक्षा लहान स्क्रू, तो गायब.

आधी वहिनींनाही गंमत वाटली. सतरंजी झटकली, उशीचे अभ्रे उलटे केले, चहाचा चोथा चिवडला. माझ्या कपात डोकावून झालं. दारवाले मात्र काडी हातात धरून तसेच उभे होते.

"पडला असेल बाहेर कुठेतरी," शेवटी ते म्हणाले. "रस्त्यात."

वहिनी "बरं" म्हणाल्या आणि दुसरं खोकं बांधायला लागल्या. मी बघितलं, दारवाल्यांनी चहाला तोंडही लावलं नव्हतं. त्यावर साय धरली होती.

रविवारी सकाळी ते माझ्या दारात. "कपडेघराची किल्ली आहे ना?"

आम्ही दोघं गेलो. धुवायच्या थैलीतून त्यांचा पोशाख काढला, टेबलावर पांढरी चादर पसरली आणि टोपडं, डगला, बूट, सगळं उलटं करून शिवण शिवण झटकली. एक केस निघाला. आम्हा दोघांच्या टकलांकडे बघता तो आमच्यापैकी कोणाचा नव्हता. स्क्रू नव्हताच.

दारवाले बाकावर बसले. मला राहवेना.

"अहो, रस्त्यात पडला असेल."

"असेल."

"नाहीतर जिन्यात."

"असेल."

"मग कशाला एवढा घोर?"

"असेल म्हटल्याने दार उघडत नाही." त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांना लावले आणि उघडून दाखवले. "इथे जमिनीवर तो तळाशी निपचित पडून राहील. वर गेल्यावर तळच नसतो. तरंगत फिरेल. नेमका बिजागरीत येऊन बसला, तर झालं."

"आणि सांगितलंत तर?"

"तर दार उघडून शोधणार. तारीख गेली. माझी सुटका गेली. ती उद्या एकटी जाणार." त्यांनी पोशाख जवळ ओढला. "आणि नाही सांगितलं तर उद्या मी ट्रकमध्ये बसतो. कोणाला काही कळणार नाही."

मी त्यांना काय सल्ला दिला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. ट्रकमध्ये बसा म्हणालो. त्यांनी पोशाखाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

परत येताना जिन्यात वहिनींनी मला गाठलं. "काय झालंय, भावजी?"

"कुठे काय?"

"भावजी."

जिना संपायच्या आत मी सगळं सांगून मोकळा झालो. आवाजाने त्या हेडबाई झालेल्याच होत्या, फक्त शाळा मिळायची बाकी होती.

आमच्या इमारतीत वरच्या स्वयंपाकघरातलं बोलणं खालच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. यात माझा दोष नाही, बांधणाऱ्याचा आहे. मी काही मुद्दाम ओट्यावर चढलो नव्हतो. चढलो होतो ते वरच्या फळीवरचा डबा काढायला.

"सांगा जाऊन," वहिनी म्हणत होत्या.

"कोणाला काय सांगू?"

"थोरल्या साहेबांना, स्क्रूचं."

बराच वेळ नुसता नळ गळत होता.

"सांगितलं तर मला इथून हलता येणार नाही. कधीपर्यंत ते देवाला माहीत."

"कळतंय मला."

"मग तू थांबशील?"

"नाही. मी उद्या जाणार."

"मग मी नाहीच सांगत. येतो तुझ्याबरोबर. इतकी वर्षं तू म्हणत होतीस ना, चला म्हणून?"

"म्हणत होते. नवऱ्याला म्हणत होते." वहिनींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. मला डब्यासकट खिडकीकडे सरकावं लागलं. "न सांगता आलात तर त्या घरात आपण तिघं राहणार. मी, तुम्ही आणि तो स्क्रू. जेवताना तुम्ही वर बघणार, झोपताना वर बघणार. एक सवत इथे सोडून जाताना दुसरी बरोबर घेऊन जाऊ? मला नाही जमायचं."

"एकटी राहशील?"

"इथे कुठे दुकटी होते?"

 माझ्या हातातला डबा रिकामा निघाला.

सोमवारी ट्रक आला. वहिनींनी दोघांचं सामान पुन्हा वेगळं केलं: एक खुर्ची, एक गादी, एक पातेलं आणि त्यांच्या कपड्यांचं खोकं मागे ठेवलं, आणि खोक्यांत सापडलेला जुना चष्माही. ट्रक सुरू झाला तशा खिडकीतून म्हणाल्या, "अहो, नळ तेवढा दुरुस्त करा." दारवाल्यांनी मान हलवली आणि तिथूनच, घरी न जाता, थोरल्या साहेबांकडे गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःचा चष्मा काढून त्याचे ठिपके तपासले. "आधी चहा घ्या," म्हणाले, आणि कप रिकामा झाल्यावर, "तुम्हाला आता जाता येणार नाही, हे मी वेगळं सांगायला नको."

"नको," दारवाले म्हणाले.

दार पुन्हा उघडलं. शोध सुरू झाला. आरशावर बोट लावायचं नाही, श्वास पडू द्यायचा नाही, आणि खाचाखाचांत दिवे आणि बारीक कॅमेरे घालून तीळ शोधायचा. मी त्यांना सकाळी बांधून द्यायचो, संध्याकाळी सोडवायचो. टोपडं काढलं की कपाळावर लाल वळ असायचा, आणि तोंडाचं फडकं ओलंचिंब.

एक दिवस असं ठरलं, की सगळी दुर्बीण तिच्या प्रचंड स्टँडवर हळूहळू कलती करायची. आत काही सुटं असेल तर घरंगळेल आणि आवाज येईल. हवा खेळवणारी यंत्रं बंद केली. आतले लोक पांढऱ्या भुतांसारखे भिंतीला लागून श्वास रोखून उभे. मी बाहेर काचेपाशी. दारवाले डॉक्टरांची नळी कानात घालून दुर्बिणीच्या अंगाला टेकलेले. दुर्बीण इंचाइंचाने कलली. टक्. सगळ्यांच्या माना वळल्या. पुन्हा उलटी कलवली. टक्. दारवाल्यांनी हात वर केला, डोळे असे चमकले म्हणता! तिसऱ्यांदा टक् झालं तेव्हा थोरले साहेब ओशाळून म्हणाले, "माझा गुडघा आहे. बघायला म्हणून मी पण कलतोय ना."

सगळे हसले. दारवाल्यांनी नळी कानातून काढली नाही.

हसणं त्या एकाच दिवशी झालं. बाकीचे दिवस कठीण होते. कारण 'उडाली की' हे काही एकट्या दारवाल्यांचं नव्हतं. आरसेवालीचं लग्न ठरलेलं, ती उडाली की करणार होती. वायरिंगवाल्याची आई आजारी, तो उडाली की गावी जाणार होता. आता सगळ्यांचंच अडलं, एका चष्म्यापायी. माझ्या कपडेघरात फडकी बांधता बांधता कोणीतरी म्हणायचं, "माझी पोरगी मला काका म्हणायला लागलीय. सोनेरी काड्यांची कृपा." दारवाले शेजारच्याच बाकावर बूट चढवत असायचे. टोपड्याला कान असतात, फक्त आतून. त्यांना सगळं ऐकू जायचं. ते नाडी घट्ट ओढून गाठ मारायचे आणि आत जायचे. आत गेल्यावर सगळे सारखेच पांढरे, पण त्यांच्या शेजारी उभं राहायला जो तो टाळायचा. चेहरा झाकलेला माणूस कसा ओळखला जातो, हे मी तेव्हा शिकलो.

संध्याकाळी वहिनींचा फोन यायचा. मी एकीकडचंच ऐकायचो, पण दुसरी बाजू ओळखता यायची.

"शोधलं," हे म्हणायचे. मग, "नाही." मग, "जेवलो."

वहिनींकडे सांगायला खूप असायचं. शाळेचं गळकं छप्पर, चित्रकलेचे मास्तर वर्गात झोपतात ते, एका मुलीने त्यांना गणितात अडवलं ते. हे "हं, हं" करत ऐकायचे. पुढेपुढे फोन आखूड व्हायला लागले. कधी वहिनींना सभा असायची, कधी पालक आलेले असायचे. एकदा फोन ठेवल्यावरही वरून बोलण्याचा आवाज आला म्हणून मी शिडी मागायच्या निमित्ताने गेलो. शिडी माझीच होती, तेव्हा निमित्तही खरंच होतं. घर तसंच, रिकामं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून. कपड्यांचं खोकं अजून बांधलेलंच. त्यातून एकेक सदरा फटीतून ओढून काढत होते, दोरी काही सोडली नव्हती.

"खोकं सोडा की हो," मी म्हटलं.

"आता जायचंच आहे," ते म्हणाले.

आणि बोलत कोणाशी होते? नळाशी. हातात पाना घेऊन त्याला विचारत होते, बाबा रे, तुझं वायसर आहे तरी कुठे. नळ दुरुस्त झाला. मग त्या घरात तेवढाही आवाज राहिला नाही.

स्क्रू सापडला नाही. जिथे जिथे म्हणून शोधता येतं तिथे शोधून झालं, तेव्हा थोरल्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की तो आत नाही असं आपण धरून चालतो आहोत, आणि आत असलाच तर दार त्याला चिरडून उघडेल इतका जोर बिजागरीच्या मोटारीत आहे अशी आशा करतो आहोत. दार पुन्हा मिटलं. या वेळी दालनातल्या प्रत्येक चष्म्यावर इतके लाल ठिपके होते, की सगळ्यांना गोवर आल्यासारखा दिसत होता.

दुर्बीण उडाली. आम्ही मोठ्या पडद्यावर पाहिली. आरसेवाली रडली, वायरिंगवाला नाचला, माझ्याकडची पांढरी टोपडी कोणीतरी हवेत उडवली, ती मला धुवावी लागली. दारवाल्यांचा हात धरून मी म्हटलं, "सुटलात की हो!"

"दार उघडलं की," ते म्हणाले.

मला कपाळावर हात मारावासा वाटला. पण खरंच होतं. दुर्बिणीच्या अंगात जमिनीवरची जी ओलसर हवा मुरलेली असते ती सगळी निघून जाईपर्यंत दार उघडायचं नव्हतं. एकेक जण आपापल्या लग्नाला, आईला भेटायला निघून गेला. कपडेघर ओस पडलं. दारवाले रोज संस्थेत यायचे, घालायला पोशाख नाही, तपासायला बिजागरी नाही. त्यांचं दार त्यांच्या हातापासून इतकं लांब गेलं होतं, आणि तरी ते इथून हलू शकत नव्हते.

उघडायचा दिवस आला. दुपारची वेळ. नियंत्रणाच्या खोलीत मला खरं तर काम नव्हतं, पण इतक्या वर्षांत सगळ्यांना उघडंवाघडं पाहिलेल्या माणसाला कोण अडवणार? आज्ञा वर गेली. वर पोचायला आणि उत्तर यायला वेळ लागतो. पडद्यावर मोटारीच्या जोराची एक हिरवी रेषा होती. ती चढायला लागली. ठीक चालली होती. मधेच तिने खांदा उडवावा तशी एकदम उसळी घेतली आणि तिथेच थबकली. थोरल्या साहेबांनी माझा दंड धरला, त्यांची नखं मला लागली. दारवाले पडद्याकडे बघतच नव्हते. डोळे मिटून, दोन्ही तळवे एकमेकांना लावून बसले होते.

रेषा खाली आली. मग अगदी तळाला गेली.

"उघडलं," कोणीतरी हळूच म्हणालं, आणि मग सगळी खोली ओरडली.

दारवाल्यांनी तळवे वेगळे केले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

ती उसळी कसली होती, हे कोणालाच कळलं नाही. थंडीने आखडलेलं वंगण असेल. तो तीळही असेल. मी नंतर खाजगीत विचारलं, "तोच होता का हो?" तर म्हणाले, "वर गेलो की बघून सांगतो." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी वात्रट बोलून दाखवलं. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी परत केली आणि बांधलेलंच खोकं उचलून बस धरली.

पुढचं मला वहिनींनी फोनवर सांगितलं. संध्याकाळी त्या शाळेतून आल्या तर हे पायरीवर, खोक्यावर बसलेले. शेजारची बाई त्यांच्यावर नजर ठेवून उभी.

"अहो, किल्ली पाठवली होती ना तुम्हाला?"

"आहे की, खिशात आहे."

"मग आत का नाही गेलात?"

"हिंमत होईना," हे म्हणाले. "तू उघड."

वहिनींनी दार उघडलं. बिजागरी कुरकुरली, आणि हे चहाच्या आधी तेलाची बाटली शोधायला लागले. पण वहिनींनी त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या खिशातला सोनेरी चष्मा काढून घेतला, त्याच्या उजव्या काडीला इतके दिवस बांधलेला दोरा कापला आणि गावातल्या चष्मेवाल्याकडून आणून ठेवलेला स्क्रू स्वतःच्या हाताने बसवला. दारवाल्यांनी तपासला. लाल लाख नव्हती, म्हणून वहिनींच्या टेबलावरच्या लाल शाईचा ठिपका लावला. शाईने काही होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग हे म्हणाले, "चल, उद्या आपण समुद्र बघायला जाऊ."

वहिनींसमोर तपासायच्या वह्यांचा ढीग होता. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "परीक्षा झाल्या की."

हे सांगताना फोनवर मला दोघांच्याही हसण्याचा आवाज आला. आधी वहिनींचा, मग जरा वेळाने दारवाल्यांचा.